वेलीची राखण

ही गोष्ट आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळची. लेकरांनो, ऐका, थोरांनी ऐकली तरी वाया जायची नाही.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाला दुसरं पीक ठाऊक नव्हतं, घरोघरी पानमळे. तिथली विड्याची पानं राजाच्या दरबारी जायची, लग्नाच्या मांडवात जायची, देवापुढे जायची, आणि त्यावर गावाच्या चुली पेटायच्या. मळ्यात पायताण घालून कुणी शिरत नसे. वेल म्हणजे घरची लेक, तिच्यासमोर नीट वागावं, अशी तिथली रीत.

एका हिवाळ्यात अशी थंडी पडली की हौदातल्या पाण्यावर साय धरावी तसा पापुद्रा धरला. सकाळी लोक मळ्यात गेले तर सगळ्या वेली काळ्या पडलेल्या, उकडलेल्या भाजीसारख्या लोंबत होत्या.

वाचली ती एकच. गावच्या कारभाऱ्यांच्या घरात, माजघराच्या खिडकीशी, मातीच्या कुंडीत हौसेनं वाढवलेली वेल. सारं गाव तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. गावचे म्हातारे पाटील म्हणाले, "पानवेल बी टाकून येत नाही, कांडी लावून येते. हिची कांडी मिळाली तर मळे पुन्हा उभे राहतील. नाहीतर पोरंबाळं घेऊन गाव सोडायचं." पाडव्याला कांड्या वाटायच्या असं ठरलं, आणि तोवर वेल सांभाळायचं काम घरातल्या थोरल्या सुनेवर आलं.

त्या घरात दोन सुना, एक थोरली आणि एक धाकटी. थोरली कामाला वाघ, पण स्वभावानं संशयी. मिठाच्या बरणीलाही कुलूप लावायची. देवापुढे हात जोडताना एक डोळा उघडा ठेवायची, नैवेद्य कोण उचलतं ते बघायला.

तिनं धाकटीला बजावलं, "खिडकीशी फिरकायचं नाही. तुझ्या माहेरचे मळेही जळालेत. तुझी नजर कुठं असणार, ते मला कळतं."

"माझी नजर चुलीवर आहे, अक्का," धाकटी म्हणाली. "दूध उतू चाललंय तुमचं."

पण बघा, कुलपाला न जुमानणारी एक जात असते. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग आत आली. त्यांच्या पाठीवर पांढरे मऊ किडे होते, पीठ माखल्यासारखे. त्यांना पिठ्या म्हणतात. मुंग्यांनी ते पानांच्या बगलेत नेऊन बसवले. हे कुणी पाहिलं नाही.

पिठ्या वेलीचा रस ओढू लागला. रस ओढून तो जो गोड चिकटा टाकतो, ते मुंग्यांचं पक्वान्न. पानं चकाकायला लागली. थोरलीनं बोट लावून चाखलं, तर गोड.

मुंग्यांची म्होरकी अदबीनं पुढे झाली. "बाईसाहेब, वेलीला मध सुटलाय. त्याला हात गुणाचा लागतो. पंचक्रोशीत कुणाला साधलं नाही हे."

थोरलीला आयुष्यात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तिचं मन निवलं. जिनं मिठावर विश्वास ठेवला नाही, तिनं मुंगीवर ठेवला, आणि मुंग्या खिडकीत राजरोस राहू लागल्या.

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. थोरली धाकटीवर धावली. "कुंडीत कढत पाणी कुणी ओतलं?"

"अक्का, पानाची बगल तर बघा. पीठ सांडल्यासारखं दिसतंय."

"पीठ तूच दळतेस."

धाकटीच्या जिवाला चैन पडेना. वेल गेली की गाव गेलं. तिला आठवलं, ओढ्याकाठचं सीताफळाचं झाड मागं असंच पांढरं झालं होतं, आणि मग आपोआप स्वच्छ झालं होतं. ती तिथं गेली. झाडावर जोंधळ्याच्या दाण्याएवढी एक काळी-तांबूस भुंगेरी उरलासुरला पिठ्या वेचून खात बसली होती. धाकटीनं हात जोडून गावाचं गाऱ्हाणं सांगितलं आणि तिला पळसाच्या द्रोणात घालून घरी आणलं.

भुंगेरी थोरलीला म्हणाली, "माय, मला घरात जागा दे. मी आणि माझी पोरं मिळून तुझी वेल साफ करू."

"त्याचं घेशील काय?"

"पिठ्या खाईन."

"आणि तो संपला की पानं खाशील."

"उंदीर संपले म्हणून मांजराला गवत चरताना पाहिलंयस का कधी? पिठ्या संपला की आम्ही खिडकीतून निघून जाऊ. अट एकच. कुंडी पाण्याच्या परातीत ठेव, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. आमचं इथं येणं त्यांना परवडायचं नाही."

थोरलीनं डोळे बारीक केले. "मुंग्यांना हटवायचं? मग तू इथं काय करतेस, ते मला सांगणार कोण?"

परात तिनं आणली नाही. भुंगेरीला राहू दिलं, पण तिच्यावर मुंग्यांचा पहारा बसवला. राखणदारावर राखण बसवली, आणि राखणीला बसवलं कुणाला, तर चोराच्या धन्याला.

भुंगेरीनं अंडी घातली. पोरं बाहेर आली ती आईसारखी नव्हती. अंगभर पांढरी, झिपरी, पिठात लोळून आल्यासारखी. पिठ्यासारखीच, फक्त दांडगी.

म्होरकी मुंगी थोरलीच्या कानाशी लागली. "आमच्या तोंडानं वाईट कशाला बोलायचं, बाईसाहेब? पण एकदा पानाखाली बघा."

थोरलीनं पाहिलं.

मुंगी म्हणाली, "अंगरखा तोच की नाही? पाहुणी म्हणून आली आणि चोरांचे थोरले भाऊ आणून सोडले. आता तिला घरात कुणी आणलं, त्याचं नाव आम्ही घेत नाही."

"नाव मला ठाऊक आहे," थोरली म्हणाली.

धाकटी पाण्याला गेली होती. थोरलीनं बाभळीचा काटा घेतला. एकेक पोर टोचून काढायची आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकायची. भुंगेरी तिच्या हाताभोवती घिरट्या घालू लागली.

"माय, थांब. अंगावर काय आहे ते बघू नकोस, तोंडात काय आहे ते बघ. हा वेष घेतल्याशिवाय मुंग्या माझ्या पोरांना चोरापर्यंत पोहोचू देत नाहीत."

"चोरही हेच म्हणेल."

"म्हणेल. म्हणूनच तुला बघ म्हणते."

थोरलीनं पाहिलं नाही. तिनं भुंगेरीला पदरानं बाहेर हाकललं आणि खिडकी लावून घेतली. धाकटी डोक्यावर घागर घेऊन दारात आली, तर घरभर करपट वास.

"काय केलंत, अक्का?"

"चोर धरले," थोरली म्हणाली. "धरायचा एक राहिलाय, तो आता दारात उभा आहे."

त्यानंतर वेलीला कुणी वाली उरला नाही. पिठ्या दांडीदांडीवर चढला. चिकट्यावर काजळी धरली. थोरली रोज वेलीजवळ बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडे बघायची, आणि तिच्या डोळ्यांदेखत पान गळायचं.

पाडवा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी तिला दिसलं, मुंग्यांची रांग फटीकडे निघाली आहे. प्रत्येकीच्या पाठीवर पांढरं ओझं.

"कुठं निघालात गं?"

"इथलं आटलं, बाईसाहेब," म्होरकी चालता चालता म्हणाली. "परसात जास्वंद आहे, तिकडे बघतो."

"आणि पाठीवर काय नेताय?"

"आमची गुरं. आम्हीच आणली होती, आम्हीच नेतो. तुमचं काही घेतलेलं नाही."

थोरली वेलीकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं पान नीट उलटून पाहिलं. अगदी बुडाशी, शेवटच्या हिरव्या पानाच्या दुमडीत, भुंगेरीचं एक पोर उरलं होतं. काट्याच्या तावडीतून सुटलेलं. त्याच्या तोंडात पिठ्या होता. तो खाऊन झाला, की ते हळूच सरकायचं आणि दुसरा धरायचं. पानाला ते तोंड लावत नव्हतं. थोरली दुपार होईपर्यंत बघत राहिली.

मग तिनं धाकटीला हाक मारली. "परात आण गं. पाणी मी ओतते."

"आता, अक्का?" धाकटी म्हणाली. पण तिनं परात आणली.

पाडव्याला गावातली माणसं टोपल्या घेऊन आली. पायताणं बाहेर काढून, आशेनं आत आली. जिथं ते एक पोर बसलं होतं, तेवढंच कांडं हिरवं होतं. वरची सारी वेल वाळून सुतळी झाली होती. कुणी भांडलं नाही. शेजारची एक म्हातारी एवढंच म्हणाली, "राखण मात्र डोळ्यांत तेल घालून केलीस, बाई." आणि टोपली उपडी करून निघून गेली.

पाटलांनी ते कांडं ओढ्याकाठी, सीताफळाच्या सावलीत, धाकटीच्या हातानं लावलं. एका कांड्यातून गावाचे मळे उभे राहायला वर्षं जाणार होती, आणि पोटं तेवढी थांबत नाहीत. निम्मं गाव पोरंबाळं घेऊन डोंगराखाली उतरलं. त्यातले बरेच परत आलेच नाहीत. थोरली वेशीपाशी उभी राहून प्रत्येक गाडी जाताना बघत होती. गाडीतून कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

म्हणून सांगते: संशय घ्यायचाच तर अंगरखा बघून घेऊ नये, ताट बघून घ्यावा, आणि कान भरायला जो येतो, त्याचं ताट सगळ्यांत आधी बघावं.