कफनीत मावेल असं पिस्तूल

"यातलं कोणतं कफनीतून दिसणार नाही, महाराज?"

मंगलगिरी महाराज ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणूस ते आवाजावरून ओळखायचे आणि वस्तू हातानं.

"मला तर कोणतंच दिसत नाही," ते म्हणाले. "हातात दे."

शंभुगिरीनं दोन्ही हत्यारं त्यांच्या हातात ठेवली.

कातरखेडच्या मठाचा कारभार गेली अकरा वर्षं शंभुगिरीच पाहत होता. महाराज थकत गेले तशा किल्ल्या, शिक्का, मठाचा चाळीस एकरांचा माळ, सगळं त्याच्याकडे आलं. नऊ वर्षांचा असताना आईबापांवाचून तो इथे येऊन पडला होता. आता गावात त्याला लहान महाराज म्हणत. तालुक्याला नुसतं महाराज म्हणत. तिथे म्हाताऱ्याची आठवण फारशी कुणाला राहिली नव्हती.

"घाबरू नका, रबराची आहेत," शंभुगिरी म्हणाला. "दुकानदारानं नमुने दिलेत. माप आणि वजन हुबेहूब खऱ्यासारखं. चार दिवस अंगावर वागवून बघा, मग ठरवा म्हणाला."

"मी कुठं घाबरलोय?" महाराज म्हणाले.

शंभुगिरी हसला. मग त्याला वाटलं, हसायला नको होतं.

घाबरण्याजोगं घडलं मात्र होतं. गावाजवळून नवा हमरस्ता गेला आणि मठाच्या माळाला एकदम भाव आला. शंभुगिरीनं गेल्या वर्षी माळाला तारेचं कुंपण घातलं. धनगरांच्या मेंढरांची नदीकडे जायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद झाली. तेव्हाच त्यानं पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला होता. आठ दिवसांपूर्वी, दिवेलागणीला, त्याच्या गाडीवर दगड आला. मागची काच फुटली. आणि या सोमवारी परवाना हातात पडला.

"हे रिव्हॉल्व्हर," तो महाराजांचं बोट धरून सांगू लागला. "सहा गोळ्या. अडकत नाही, बिघडत नाही. पण ही मधली चकरी जाड आहे, कमरेला उंचवटा दिसतो. आणि हे पिस्तूल. चपटं आहे, पोटाशी बसतं. बत्तीस बोअरच दोन्ही. फक्त पिस्तुलाची नळी आखूड, त्यामुळे हाताला झटका जास्त बसतो म्हणे. आणि याला खटका आहे, तो आधी सरकवावा लागतो."

"बरंच शिकलास."

"जिवाचा प्रश्न आहे, महाराज."

"रोज बाळगणार?"

"रोजच. ज्या दिवशी नसेल, नेमका त्याच दिवशी घात व्हायचा."

"पूजेला बसताना?"

"बाजूला काढून ठेवीन."

"किती बाजूला?"

"हात पुरेल इतकं."

"आणि पिंड किती लांब असते आपल्या गाभाऱ्यात?"

शंभुगिरीनं मनात अंतर मोजलं. पिंड जास्त लांब होती.

महाराजांनी दोन्ही नमुने परत केले.

"त्या कुंपणाच्या कागदावर सही माझी आहे," ते म्हणाले. "तू बोट धरून दाखवलंस, तिथं मी केली. माझ्या अंगावर अजून कुणी दगड टाकलेला नाही."

"आपण बाहेर कुठं पडता?"

"हं... तेही खरंच."

मग महाराज म्हणाले, "रोज बाळगायचं तर रोजच्यासारखं वागून बघायला हवं. झोळी घे. पाच घरं भिक्षा मागून ये."

"भिक्षा? मी?"

"भिक्षा मागताना वाकावं लागतं. झोळी सावरावी लागते. लोक पाया पडतात, अंगाला हात लावतात. तिथं नाही दिसलं, तर कुठंच दिसणार नाही."

शंभुगिरीला हे पटलं. म्हातारा आज सरळ मुद्द्यावर आला, याचं त्याला बरंही वाटलं. अकरा वर्षांत तो भिक्षेला गेला नव्हता. मठात धान्य पोत्यांनी येत होतं. दारोदार फिरायची गरजच उरली नव्हती.

त्यानं चपटं पिस्तूल निवडलं. कमरेला पट्टा आवळला, उजव्या कुशीला नमुना खोचला, वरून कफनी सोडली. कफनीला त्या बाजूनं शिंप्याकडून एक चीर पाडून घेतली होती, हात आत जाईल एवढी.

पहिलं घर तेल्याचं. बाई गडबडून बाहेर आली, पीठ घातलं, वाकून नमस्कार केला. काही दिसलं नाही.

दुसऱ्या घरी एकटा म्हातारा होता. गोठ्यातून विळा घेऊन तो थेट शंभुगिरीच्या दिशेनं आला. शंभुगिरीचा हात चिरेतून आत गेला. म्हातारा "आलो, महाराज" म्हणत बाजूनं निघून गेला, भिंतीत विळा खोचला आणि सुपातून जोंधळे घेऊन आला.

शंभुगिरीनं हात बाहेर काढला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की मघापासून तो कुणाच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. दारातून जो येईल त्याचे आधी हात बघत होता.

तिसरं घर ठकूबाईचं होतं.

ते टाळावं असं त्याला फार वाटलं. पण भिक्षेला ओळीनं जायचं, मधलं घर सोडायचं नाही, हे त्याला महाराजांनीच लहानपणी शिकवलं होतं. ठकूबाई धनगरीण. तिचा मुलगा म्हसू दगडाच्या प्रकरणात आठ दिवस तालुक्याच्या कोठडीत होता. तक्रारीत त्याचं नाव शंभुगिरीनं घातलं होतं.

"ओम भवति..." शंभुगिरीचा आवाज त्यालाच परका वाटला.

ठकूबाई बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं.

"कोण... लहान महाराज? आमच्या दारात?" तिनं पदरानं ओटा झटकला. "किती वर्सांनी आलास रे..." मग जीभ चावून म्हणाली, "आलात."

पोर असताना शंभुगिरी या ओट्यावर रोज यायचा. ठकूबाई त्याला भिक्षा घालायची आणि वर शेळीच्या दुधाचा पेला द्यायची. मठात सांगू नको, म्हणायची.

"मी येनारच व्हते मठात," ती म्हणाली. "सून म्हनली, आत घेनार न्हाईत. बरं झालं, तुमचेच पाय लागले. म्हसूचं सांगायचं व्हतं, महाराज. त्या सांजेला त्यो रस्त्याकडं नव्हताच. मेंढरं घेऊन पार खाली नदीला व्हता. तुम्ही एक शबूद टाकला तर सोडतील त्याला. थांबा, आधी पाया पडते, मग बोलते."

ती वाकली. कपाळ त्याच्या पायांवर टेकलं. आणि मग तिला उठवेना.

"गुडघे धरलेत मेले," ती हसत म्हणाली आणि उठण्यासाठी तिनं त्याच्या कमरेचा आधार घेतला.

उजव्या बाजूचा.

तिचा हात तिथेच थांबला. कापडावरून बोटं एकदा फिरली, सावकाश, मेंढराच्या अंगात रुतलेला काटा शोधावा तशी. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते हळूहळू गेलं.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"ते..." शंभुगिरी म्हणाला.

ठकूबाईनं हात काढून घेतला. भिंतीला धरून एकटीच उठली, दोन पावलं मागं सरली आणि आत गेली. बराच वेळ गेला. बाहेर आली तेव्हा हातात भाकरी होती, वर लसणाची चटणी. तिनं लांब उभं राहून हात ताणला आणि झोळीत टाकली.

"म्हसूचं ऱ्हाऊ द्या, महाराज."

"काय राहू दे?"

"सोडवू नगा त्याला." तिचा आवाज अगदी हलका झाला होता, कुणी निजलेलं असावं तसा. "तापट हाये त्यो. भायेर आला तर तुमच्या फुडं यिऊन उभा ऱ्हाईल, तोंड वर करून बोलंल... त्यापरीस आतच बरा. तिथं जिता तरी ऱ्हाईल."

तिनं हात जोडले. तो वळेपर्यंत ते जोडलेलेच होते.

चौथ्या घरी शंभुगिरी गेला नाही.

महाराज ओट्यावर तसेच बसले होते.

"किती घरं झाली?"

"तीन."

"दिसलं कुणाला?"

"नाही."

"मग पावलं अशी ओढत का आलास?"

शंभुगिरी पायरीवर बसला. आधी तो थोडंच सांगणार होता. पण एक वाक्य बाहेर पडलं आणि मागोमाग सगळंच आलं. ठकूबाईचे गुडघे, तिचा हात, म्हसूबद्दल ती काय म्हणाली ते. महाराज मधे बोलले नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"रबराचं आहे, हे सांगितलंस तिला?"

"नाही."

"का?"

शंभुगिरीनं मान खाली घातली.

"ती मागं सरली ना, महाराज... तेव्हा क्षणभर बरं वाटलं."

महाराजांनी झोळी चाचपली.

"भाकरी काढ," महाराज म्हणाले.

त्यांनी ती चाचपून मधोमध मोडली, अर्धी त्याला दिली. स्वतःची अर्धी त्यांनी चटणीसकट खाल्ली, मांडीवरचा चुरासुद्धा वेचून तोंडात टाकला. शंभुगिरीनं आपली अर्धी हातातच धरून ठेवली.

"म्हसूला दगड मारताना तू पाहिलंस?"

"नाही."

"मग नाव कसं दिलंस?"

"दुसरं कोण मारणार?"

शंभुगिरीला स्वतःचेच शब्द ऐकू आले.

"मी आजच तालुक्याला जातो," तो घाईनं म्हणाला. "तक्रार मागं घेतो. सुटेल तो."

"घे. सुटेल." महाराजांनी ओठ पुसले. "त्याच्या आईला तेवढं सांगून ठेव आधी. बिचारी आता कुठं निवांत झाली असेल."

शंभुगिरीचे डोळे भरून आले. पण महाराजांना ते दिसण्यासारखं नव्हतं, आणि त्यांनी हात पुढं केला नाही.

त्याच वेळी कफनीतला फोन वाजला. शंभुगिरीनं पाहिलं.

"दुकानदार आहे. काय ठरलं, विचारत असेल." तो थांबला. "नको म्हणून सांगू?"

"भीती गेली का तुझी?"

शंभुगिरीनं मनाशी खरं पाहिलं. भीती गेली नव्हती. सकाळी ती फक्त म्हसूची होती. आता तेल्याच्या बाईची होती, विळेवाल्या म्हाताऱ्याची होती; ठकूबाईच्या जोडलेल्या हातांची तर सगळ्यांत जास्त होती.

"नाही," तो म्हणाला. "वाढली."

"मग नको कशाला म्हणतोस? घे."

फोन वाजत होता.

"कोणतं घेऊ, महाराज?"

म्हाताऱ्यानं न दिसणारे डोळे गावाच्या दिशेला वळवले.

"या दोन्हींपेक्षा मोठं घे. बाहेरून लटकव. लांबून दिसू दे... लोकांना घरात जायला तेवढाच वेळ मिळेल."