निळी बाही

आमच्या पोहण्याच्या शर्यतीला आबासाहेब मोहोळकर अध्यक्ष होते. आल्या आल्या ते तलावाच्या पलीकडच्या काठाला टेकले. तिथल्या निळ्या पट्टीला हात लावून पोहणाऱ्यांनी परतायचं होतं. पट्टी आदल्या दिवशी रंगवलेली, सुकलीच नव्हती. त्यांची पांढरी बाही डागाळली.

"रॉकेलशिवाय हा रंग जन्मात निघायचा नाही," ते सगळ्यांदेखत गरजले.

शर्यतीत त्यांचा पुतण्या पहिला आला. दुसरी आलेली सुगंधा मला म्हणाली, "काका, हा पट्टीला हात न लावताच वळला."

जिल्ह्याच्या स्पर्धेला एकालाच पाठवायचं होतं, आणि पंच मी होतो. मी पोहलेल्या पाचही जणांना हात पुढे करायला सांगितले. चौघांचे पंजे निळे होते. पुतण्याचा कोरा. मी हबकलो. अध्यक्षांच्या घरचं पोर!

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "पाण्यात धुऊन गेला असेल रंग."

"मग साहेब, बाही बुडवा तलावात," मी म्हणालो. "डाग गेला, तर कप तुमच्या पुतण्याचा."

 त्यांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. आबासाहेबांनी पाण्याकडे पाहिलं, मग बाहीकडे.

कप त्यांनी सुगंधाला दिला. एकाच हाताने. दुसरा पाठीमागे लपवला होता.