चिंचेवरची शिरगणती

एका तळ्याकाठच्या चिंचेवर एक तरुण ढोकरी राहत असे. ढोकरी म्हणजे मातकट रंगाची, बगळ्यांच्याच घरातली. अंड्यातून बाहेर आली तेव्हापासून तिला एक नियम शिकवला होता : शिरगणती फक्त म्हातारा राखी बगळा करील, आणि त्याला प्रश्न विचारायचा नाही. शिरगणतीही कशी, मुलांनो? संध्याकाळी तो शेंड्यावर बसे, झाडावर एक नजर फिरवी आणि रिकामी फांदी दिसली नाही की म्हणे, "झाड भरलंय! आपलं कुळ वाढतंय!" मग सगळे खुशीत झोपत.

त्या वर्षी झाड इतके भरले की फांद्या कुरकुरू लागल्या. बगळा फारच खूश झाला. "यंदा घरटी सगळ्यांनी इथेच बांधायची," त्याने फर्मान काढले. "दुसरीकडे फिरकायचं नाही." ढोकरीचे हे पहिलेच घरटे. पण मागच्या हंगामात याच चिंचेखाली उपाशी पिल्ले पडलेली तिने पाहिली होती, कारण तळ्यातली मासळी एवढ्या तोंडांना पुरली नव्हती.

"आजोबा, झाड भरलंय खरं," ती म्हणाली, "पण भरलं कुणी?"

"आपणच! आणखी कोण?"

"मग मागच्या वर्षी कोण कुठे होतं, ते विचारते सगळ्यांना."

"असलं विचारायचं नसतं, पोरी. पंख फुटले नाहीत तोच चोच चालायला लागली!" जाणते बगळे फिदीफिदी हसले.

ढोकरीने ऐकले नाही. ती शेजारच्या पाणकावळ्याकडे वळली. "काका, तुम्ही कुठले?"

"खाणीतल्या तळ्यावरचा," तो ओशाळून म्हणाला. "बुजवलं ते. मग काय करतो? आलो इथे."

"आमच्या ओढ्यावरचं झाड तोडलं," रातबगळा आपणहून बोलला. "तिथून आई आणि मी, दोघंच आलो. बाकीचे मला परत कुठे दिसले नाहीत."

मग कुणी थांबेना. या फांदीवरून एक, त्या फांदीवरून दुसरा, जो तो आपण काय पाहिले ते सांगू लागला. कुणाचे डबके आटले होते, कुणाचे बेट उजाड झाले होते. आपलीच तेवढी जागा गेली, असे प्रत्येकाला वाटत होते. सगळ्यांचे ऐकल्यावर झाडावरच्या साऱ्यांच्या अंगावर काटा आला.

शेवटी गायबगळी म्हणाली, "मी गुरांमागे दूरवर फिरते बाई. नदीच्या वळणावर बाभळी आहेत, पाण्यात मासळी आहे. तिथे मात्र दर खेपेला पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं दिसतात."

"अगं, पण पाहुणे आले म्हणजे भरभराटच की!" बगळा ओरडला.

"पाहुणे कसले, आजोबा? घरं गेलीत त्यांची. तुम्ही एक झाड पाहिलंत आणि सगळ्या मुलखाचा हिशेब सांगितलात. आपण वाढलो नाही, इथे गोळा झालो. मी या झाडावर घरटं बांधणार नाही. माझी पिल्लं तुमच्या शिरगणतीसाठी उपाशी मरणार नाहीत. मी वळणावर जाते, आणि वाटेत भेटेल त्याला विचारणार, काय पाहिलंस? तुम्ही नको म्हणालात तरी विचारणार."

म्हाताऱ्या बगळ्याने चोच उघडली. मदतीसाठी जाणत्यांकडे पाहिले. जाणते मात्र गायबगळीला वळणाची वाट विचारत होते.

तात्पर्य : एका झाडावरून सगळा मुलूख दिसत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी पाहिलेले एकत्र आले, तरच कोण वाढते आहे आणि कोण संपत चालले आहे ते कळते. म्हणून पाहावे, सांगावे, आणि कुणी अडवले तरी विचारावे.