जाताना ठेवलेले शून्य

कोकणातल्या एका लहान बंदरावर मच्छीमार सोसायटीचा एक संगणक होता. धक्क्यावरच्या वारामापकाची नोंद सतत वाचायची आणि वारा वाढला की समुद्रातल्या होड्यांना फोनवर इशारा पाठवायचा, हे काम त्यातला एक प्रोग्रॅम पडद्यामागे करत असे. तो मृण्मयी पाटणकर हिने लिहिला होता. त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा एक राखणदार प्रोग्रॅम होता. पहिला कोसळला, तर त्याला पुन्हा उभा करायचा, एवढेच याचे काम.

एका सकाळी वारा अचानक उठला आणि इशारा गेलाच नाही. होड्या कशाबशा परतल्या. हिराजी नाखवांचा खांदा मात्र होडीच्या काठावर आपटून निखळला. कचेरीत पाहिले, तर इशाऱ्याचा प्रोग्रॅम पहाटेच बंद पडलेला आणि राखणदार स्वस्थ. त्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरे होती: "नीट समाप्त."

"राखणदारच बिघडलाय, सर. बदलून टाकू," मृण्मयी म्हणाली.

सबनीस सर वृद्ध होते. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांनी प्रोग्रॅम सुरू केला आणि सरळ वारामापकाची तार उपटली. प्रोग्रॅम तत्क्षणी थांबला. सर खुर्चीत रेलून बसले.

"सर, तार जोडा ना! प्रोग्रॅम बंद पडला."

"कशाला? सगळं नीट आहे म्हणतोय की राखणदार."

"पण नीट नाहीये!"

"हे तुला ठाऊक आहे. त्याला कोणी सांगितलं?" सर शांतपणे म्हणाले. "अगं, त्याला वारा दिसत नाही, होड्या दिसत नाहीत. बंद पडणारा प्रोग्रॅम जाताना जो आकडा मागे ठेवतो, तेवढाच दिसतो. शून्य म्हणजे 'काम झालं, चिंता नको.' दुसरा कुठलाही आकडा म्हणजे 'मला जमलं नाही.' आपण सांगून थांबवलं, तर तेही तो नीटच धरतो. मध्येच कोणी बळाने मारलं, तर तेही त्याला कळतं. तुझा प्रोग्रॅम अडखळल्यावर काय ठेवतो?"

मृण्मयीने मान खाली घातली. "शून्य. लाल अक्षरं दिसली की कमिटीवाले विचारत बसायचे. म्हणून प्रत्येक चूक आतच गिळायला लावली."

"म्हणजे उचलणारा शेजारीच उभा होता आणि पडणाऱ्यानेच त्याला परत पाठवलं."

चूक झाली तरी शून्य ठेवणारी ती एक ओळ तिने बदलली. सरांनी तार जोडून प्रोग्रॅम सुरू केला आणि ती पुन्हा उपटली. पडदा लाल झाला, तार जोडताच राखणदाराने प्रोग्रॅम उभा केला.

संध्याकाळी ती हिराजी नाखवांच्या घरी गेली आणि घडले ते सांगितले. खांदा बांधलेले नाखवा खाटेवर उठून बसले.

"म्हणजे इशारा आलाच नव्हता?" ते म्हणाले. "पोरी, मी तर समजत होतो, आला असेल. मीच फोन बघितला नाही."