निरोप कुठं पोचतो

"...पण भुकेचा निरोप मेंदूत नेमका पोचतो तरी कुठं?"

गंगाक्कांनी विचारलं. मठाच्या मुदपाकखान्यात त्या आमटी ढवळत होत्या. शिकायला येणाऱ्यांशी त्या इथंच बोलायच्या.

शर्वाणी हसली. पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं ती हेच तर बघत होती.

"सोपं करून सांगते, आक्का. भूक लागल्याचा, पोट भरल्याचा निरोप रक्तातून येतो. त्याला हार्मोन म्हणतात. तो घ्यायला मेंदूच्या पेशीवर जागा असते. रिसेप्टर."

"पेशीवर? का पेशीत?"

"बहुतेक वरच, तिच्या पातळ पडद्यावर. इन्शुलिनची जागा तर एका पेशीचा धागा दुसरीला भेटतो, तिथंही सापडते. थायरॉइडचा निरोप मात्र आत शिरतो, थेट केंद्रकात."

"म्हणजे कुणी दारात थांबतो, कुणी माजघरात येतो."

"तसं म्हणा हवं तर."

"तू बघितलीस ती जागा?"

"रंग लावून रोज बघते. कुठल्या कडेला आहे, तेसुद्धा सांगेन."

"हुशार आहेस गं."

आक्कांनी आमटीत मीठ टाकलं.

शर्वाणीच्या मांडीवर तिची अडीच वर्षांची लेक रेवा होती. तीन महिन्यांत तिचं वजन अर्धा किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. पिशवीत मऊ भात होता, खिमट होतं, कुस्करलेलं केळं होतं. डब्याचं झाकण वाजलं की पोर ओठ घट्ट मिटून घ्यायची.

"आक्का, मला सगळं माहीत आहे हो... आणि माझी पोर एक घास घेत नाही."

"तू कधी जेवलीस?"

"मी? सकाळी चहा... काल हिच्या वाटीत उरलेलं..."

"भूक लागली नाही?"

शर्वाणीनं आठवून बघितलं.

"...कळलं नाही," ती म्हणाली.

आक्कांनी एकच ताट वाढलं. भाकरी, आमटी, थोडा ठेचा. ते शर्वाणीपुढं ठेवलं.

"आणि हिला?"

"ती कुठं काय म्हणतेय? तू बस."

शर्वाणीनं घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला डोळे भरून आले, तरी ती चावत राहिली. भाकरी अजून ऊन होती.

रेवा मांडीवरून उतरली. ताटाशी बसली. आईच्या तोंडाकडं बघत राहिली...

मग तिनं भाकरीचा काठ मोडला, आमटीत बुडवला, निम्मा फ्रॉकवर सांडला. उरलेला तोंडात घातला.

शर्वाणीनं घाईघाईनं मोठा घास केला आणि हात तिच्या तोंडाकडं नेला.

आक्कांनी मनगट धरलं.

"बघू नकोस तिच्याकडं," त्या म्हणाल्या. "जेव."