जड दगड आणि तीन हाका

पाणबुड्याच्या फाटलेल्या कानाची कथा किनाऱ्यावर निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. एका पाठात तो मोती काढणारा असून समुद्रदेवता त्याचा कान बरा करते. दुसऱ्या पाठात तो कायमचा बहिरा होतो आणि त्याचे गर्वहरण हाच कथेचा शेवट ठरतो. येथे दिलेला पाठ त्या दोहोंहून साधा आहे. त्यात देवता नाही आणि शापही नाही. एक कान आणि तो भरून येण्यास लागणारा काळ, एवढेच त्याचे कथानक. पाणबुड्यांच्या घरांत हाच पाठ टिकला, याचे कारण बहुधा तेच असावे.

माडवेळ नावाच्या एका बंदरात तुळाजी नावाचा पाणबुड्या राहत असे. गलबताचा नांगर तळाच्या खडकात अडकला, की बुडी मारून तो सोडवणे हे त्याचे काम. बंदराच्या पाणबुड्याचा मान एकालाच मिळे, आणि त्याविषयी एक जुना रिवाज होता: लागोपाठ तीन हाकांना जो पाण्यात उतरला नाही, त्याचा मान दुसऱ्याकडे जाई. तुळाजीच्या घरात हा मान तीन पिढ्या होता.

उतरण्याची रीतही ठरलेली होती. दोराला बांधलेला दगड धरून खाली जायचे. होडीतला माणूस दर दोन वावांवर दोर थांबवी; वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर. तेवढ्यात नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. कान उघडले तर पुढे जायचे. न उघडले तर दोराला हिसका देऊन वर यायचे.

एका थंडीत हाक आली तेव्हा तुळाजीला सर्दी झाली होती. पहिल्याच थांब्यावर कान उघडेनात. तो वर आला. होडीतली माणसे त्याच्याकडे पाहत राहिली, आणि ते पाहणे त्याला सोसवले नाही. त्याने दुप्पट वजनाचा दगड मागितला.

“मध्ये दोर थांबवू नका,” तो म्हणाला. “दुखणं कानापर्यंत पोचायच्या आत मी तळ गाठतो.”

पाचव्या वावाला उजव्या कानात काहीतरी फाटले. थंडगार पाणी थेट डोक्यात शिरल्यासारखे झाले. वर कोठे आणि खाली कोठे, हेच त्याला उमगेना. दोर हाताशी होता, म्हणून तो वाचला. होडीत घेतले तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होते.

त्याला बुडी शिकवणारे केरूबा आता थकले होते. त्यांचा डावा कान तरुणपणीच गेला होता. त्यांनी तुळाजीचा कान उन्हाकडे वळवून पाहिला.

“पडदा फाटलाय. तो आपला आपण जुळतो, पण जुळू द्यायला हवा. कान कोरडा ठेव. तेल घालू नकोस, नाक जोरात शिंकरू नकोस. आणि मी सांगेन तोवर पाण्यात डोकं घालायचं नाही.”

“आणि घातलं तर?”

“तर बुडी संपली. शिवाय माझ्यासारखा कान जाईल. मी उजव्या कुशीवर निजलो, की चांगला कान उशीत जातो, आणि म्हातारी म्हणते, आता भिंतीशीच बोलते.”

पहिली हाक तिसऱ्या दिवशी आली. कान ठणकत होता. नकार देणे तुळाजीला जड गेले नाही.

दुसरी हाक आली बाराव्या दिवशी. तोवर दुखणे पार थांबले होते. खरी कसोटी येथे सुरू झाली. दारात त्याचा चुलतभाऊ लखू उभा होता. तुळाजीनंतर मान त्याच्याकडेच जाणार होता.

“कान आहे का अंडं, दादा?” लखू म्हणाला. “किती दिवस उबवणार?”

तुळाजीने लंगोट कसला. “मला काही दुखत नाही,” तो बायकोला म्हणाला. इतक्यात त्याला जोराची शिंक आली, आणि उजव्या कानातून शिट्टीसारखा वारा बाहेर पडला. तो उंबऱ्यातच थबकला. जेथून वारा बाहेर येतो तेथून पाणी आत जाईल, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याने लंगोट सोडून वलणीवर टाकला.

“अंडं अजून कच्चं आहे,” तो लखूला म्हणाला. “तू जा.”

तिसरी हाक तिसाव्या दिवशी आली, आणि ती घेऊन गलबताचा नाखवा स्वतः आला. आता कानातून वारा येत नव्हता. ऐकूही बरेच येऊ लागले होते. केरूबांनी येऊन त्याच्या कानाशी वाळके पान चुरगळले. तुळाजीला ते कापसाआडून आल्यासारखे ऐकू आले.

“अजून पंधरा दिवस,” केरूबा म्हणाले.

“केरूबा, आज हा उतरला नाही तर मान जातो,” नाखवा म्हणाला. “तीन पिढ्यांचा आहे.”

तुळाजीने खाली पाहिले. बापाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. मग तो सावकाश म्हणाला, “नाखवा, मान लखूला द्या. कान मला ठेवू द्या.” आणि नाखव्याबरोबर आलेल्या लखूला जाताना त्याने एवढेच सांगितले, “दगड हलका घे.”

ते पंधरा दिवस त्याने किनाऱ्यावर दोर वळण्यात घालवले. जो तो कानाची चौकशी करी, आणि तो प्रत्येकाला उरलेले दिवस सांगे.

सोळाव्या दिवशी पान कुरकुरले ते पानासारखेच. केरूबांनी त्याला होडीत घेतले आणि सर्वांत लहान दगड दिला. दोन वावांवर दोन्ही कान उघडले. चार वावांवर उजवा उघडेना. तुळाजीने लगेच दोराला हिसका दिला.

“तळ?” केरूबांनी विचारले.

“आज नाही.”

दुसऱ्या दिवशी तो पाच वाव गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा चारच. नवव्या दिवशी, दर दोन वावांवर थांबत, तो नऊ वाव खाली पोचला आणि मूठभर गाळ घेऊन वर आला.

तात्पर्य: दुखणे थांबले म्हणून जखम भरली असे मानू नये; ज्याला पुन्हा खोल उतरायचे आहे, त्याने मान गेला तरी काठावर थांबण्याचा निर्धार करावा.