पैलतीरावरची हाक

एका राज्यात मेघवर्ण नावाचा राजा होता आणि त्याच्या राजधानीपुढून एक रुंद नदी वाहत होती. कालजंघ नावाच्या मांत्रिकाने राजाची कन्या इंदुवदना पळवली, पैलतीरावर ठेवली आणि तिची वाचा काढून घेतली. मात्र त्याचा मंत्र देशी शब्दांवरच चाले. परदेशी खलाशांकडून ऐकलेला एक शब्द तेवढा तिच्यापाशी राहिला: हॅलो. "या हाकेचा अर्थ जो ओळखेल, त्याचीच नाव पलीकडे लागेल," असे राजाला बजावून मांत्रिक निघून गेला.

राजकन्या रोज सकाळी ओरडे, "हॅलो!"

राजपंडित म्हणाले, "महाराज, हे परमुलखातले अभिवादन आहे."

मग काय, शिंगे फुंकून सगळा दरबार काठावरून ओरडे, "हॅलो!" आणि खुशीत घरी जाई. अशी सात वर्षे गेली. पोर तिकडे वाळत चालली, पण शिष्टाचारात खोट म्हणून नव्हती.

अखेर राजाने बोलक्या साळुंकीला शब्दाचे मूळ शोधायला समुद्रापार धाडले.

पहिल्या खेपेस ती म्हणाली, "तारेतून बोलणारे लोक या शब्दाने पलीकडे कोणी आहे का, हे पाहतात." राजाने काठावरून "आहे!" म्हणून नाव सोडली. ती मध्यावरून परतली.

दुसऱ्या खेपेस साळुंकी म्हणाली, "त्याआधी शिकारी अशाच हाकेने कुत्र्यांना चेव आणत." राजाने नावेत शिकारी कुत्रे चढवले. नाव परतली, कुत्रे भिजले.

तिसऱ्या खेपेस ती थकून आली. "जाणते सांगतात, मुळाशी नदीच आहे. काठावर अडकलेला माणूस नावाड्याला हाक मारी: ये, मला घेऊन जा."

राजाने नावाडी पाठवला. तोही परतला.

"हाक तुम्हाला आहे, महाराज," साळुंकी म्हणाली.

"राजाने वल्ह्याला हात लावू नये, असा आमच्या कुळाचा नेम आहे."

"तर मग उद्याही हॅलो म्हणा."

हे राजाला झोंबले. मुकुट पंडितांच्या हाती देऊन त्याने वल्हे उचलले. नाव भोवऱ्यात दोनदा गरगरली, राजाचे तळहात सोलवटले, पण तो मागे फिरला नाही. नाव पैलतीराच्या वाळूला टेकली आणि मंत्र तुटला.

इंदुवदना म्हणाली, "तात, माझी हाक रोज ऐकू येत होती ना?"

"येत होती," राजा म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

मांत्रिकाचे पुढे काय झाले, ते कोणी विचारले नाही. राज्यकारभार पूर्ववत सुरू झाला. मात्र त्या राज्यात पैलतीरावरून कोणी हाक मारली, की लोक आधी नाव सोडतात, उत्तर मागाहून देतात.